सोमवारचं रक्त

३ नोव्हेंबर, सोमवार

अश्विनीला घेऊन केसांच्या दवाखान्यात. ताईची थोरली, अठ्ठावीस पूर्ण. भांग रुंदावत चाललाय. मागच्या दिवाळीत एक बोट मावायचं, आता दोन. फेब्रुवारीत लग्न आणि मुलाकडच्यांना यातलं काही माहीत नाही. साखरपुड्याला तिने क्लिपांनी बसवायचा केसांचा तुकडा लावला होता, टॉपर म्हणतात त्याला. फोटो छान आले. ताईने ते सगळ्या गटांत फिरवले.

अकोल्यात दाखवायचं नाही, कारण जठारपेठेत भाऊजींचं फुलांचं दुकान, सगळे ओळखतात. म्हणून अमरावती, म्हणून मी. "तुह्या तिथं कोन पायते तिले?" ताई म्हणाली. मुलगा तिवशाचा आहे. तिवशाची माणसं चष्म्यापासून चपलेपर्यंत सगळ्याला अमरावतीला येतात. हे ताईला सुचलं नाही आणि मीही बोलले नाही. सगळा बेत मूर्खपणाचाच असेल तर त्यात एक भर पडली म्हणून काय.

दवाखाना सोनाराच्या दुकानासारखा. भिंतीवर आधीची आणि नंतरची डोकी. आधीच्या फोटोत उजेड वरून, नंतरच्यात समोरून. आधी माणूस रडवेला, नंतर हसरा. एवढ्यानंही केस वाढलेले दिसतात.

डॉक्टर नागपूरहून फक्त सोमवारी येतात. चेहऱ्यावर एक रेघ नाही. मी मनात त्यांचं नाव गुळगुळीत ठेवलं. "मॅडम, यात केमिकल काही नाही. आपलंच रक्त, आपल्याच डोक्यात." पीआरपी. दंडातून रक्त घेतलं, नळी यंत्रात फिरवली, वर पिवळसर पाणी आलं, ते बारीक सुईने टाळूवर जागोजागी टोचलं. चार वेळा करायचं, दर चौथ्या सोमवारी. हळदीपर्यंत 'डेन्सिटी' येईल म्हणे.

अ.ने माझा हात धरला होता. ओरडली नाही. फक्त नखं रुतली.


५ नोव्हें., बुधवार

अ.चं कपाळ सुजलंय. ताईने लोकांना सांगितलं, गांधीलमाशी चावली. फोनवर मला म्हणाली, "सुजलं म्हंजे औषध लागून रायलं." कुठून येतं हे ज्ञान.


१६ नोव्हें., रविवार. अकोला.

दुकानात मागच्या बाजूला अ. वेण्या गुंफत बसलेली. शेवंती, मध्ये अबोली, पुन्हा शेवंती. बोटांकडे बघतही नाही. शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी दुकानात. एवढ्या नवरी मुलींच्या वेण्या केल्या पोरीने. स्वतःच्या केसात पिन टिकत नाही, म्हणून गजरासुद्धा घालत नाही हल्ली. "आवडत नाही मला," असं सांगते गिऱ्हाइकांना.

लहानपणी उन्हाळ्यात माझ्याकडे यायची तेव्हा तिची वेणी घालताना माझ्या मुठीत मावायची नाही. मी ओढायचे आणि ती म्हणायची, "मावशी, हळू, ते माझे आहेत."

जेवताना विषय निघालाच. अ. म्हणाली, मला प्रशांतला सांगायचंय. ताईने पोळी परत डब्यात टाकली.

"सांगशील त मोडलंच समज."

"आणि नाही सांगितलं तर? हळदीला काय करशील?" अ.ने विचारलं.

हळद हाच खरा प्रश्न आहे. आमच्यात मुलाची उष्टी हळद घेऊन त्याच्या घरच्या बायका येतात. पाचजणी नवरीच्या डोक्यावर तेल घालतात, बोटांनी जिरवतात, मग डोक्यावरून न्हाऊ घालतात. टॉपर काढावाच लागणार. भांग झाकायला काळी पावडर फासलेली असली तर तेलात काळा ओघळ येणार. सासू, आत्तेसासू, जावा, सगळ्यांची बोटं त्या रिकाम्या जागेवरून फिरणार.

"थ्या दिवसापर्यंत येतीन केस," ताई म्हणाली. "डॉक्टर बोलला ना."

मग माझ्याकडे वळून, "तू तिले भरवू नको नंदे. तुले काय समजते यातलं? तू केलं काय लग्न?"

नाही केलं. सोळा सोमवार पाचव्या सोमवारी सोडले होते मी, एकोणिसाव्या वर्षी. भूक लागली म्हणून. आमच्या घरात अजून त्याचा आणि माझ्या एकटेपणाचा संबंध जोडतात.

हे सगळं मी ताईला सुनावायला हवं होतं. वरण वाढून घेतलं.


१ डिसेंबर, सोमवार

दुसरी वेळ. रक्त येईना.

डाव्या हातात दोनदा सुई घातली, नळीत थेंब थेंब. उजव्यात घातली. तेवढ्यात अ. खुर्चीतच वाकडी झाली, ओठ पांढरे. तिथली मुलगी धावत बिस्किटं आणि पाणी घेऊन आली. डोळे उघडल्यावर अ.ने बशी बाजूला सरकवली. "सोमवार आहे."

"पाणी तरी?"

"संध्याकाळी. पूजा झाल्यावर."

तेव्हा मला कळलं. दोन्ही वेळा ही पाण्याच्या थेंबाशिवाय अकोल्याहून आली, नळीभर रक्त द्यायला, आणि तशीच परत जाणार. दवाखान्याच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय, भरपूर खाऊन-पिऊन या. अ.ने तिथे 'हो'वर खूण केली होती. नवरा मिळावा म्हणून निर्जळी सोमवार. मिळाला, तर आता तो टिकावा म्हणून. सोळा संपले की ताई दुसरे सोळा धरायला लावते. मला वाटायचं साबुदाणा वगैरे चालत असेल. विचारलं कुठे होतं मी.

गुळगुळीत हसले. "देवाला पण आणि आम्हाला पण, दोघांना खूश ठेवता राव." अर्धी नळी जमली तेवढ्यावर उरकून टाकलं. "सेशन वाया नको जायला."

रिक्षात अ. म्हणाली, "आईला सांगू नको चक्कर आल्याचं. ती अजून एक गुरुवार वाढवेल."


८ डिसें., सोमवार

आज मी काय केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे लिहायची सोय नाही.

प्रकाशकांना नव्या पुस्तकाच्या मागे टाकायला नवा फोटो हवाय. मागच्या सोमवारी निघताना गुळगुळीतांनी माझ्या डोळ्यांखाली बोट धरून म्हटलं होतं, "मॅडम, चेहऱ्याला पण करतो आपण. एकदा करून बघा, दहा वर्षं मागे." आणि मी, चाळिशीपलीकडची, बायकांच्या स्वाभिमानावर सभागृहांत बोलणारी, आज कॉलेजला अर्धी रजा टाकून एकटी गेले.

त्याच खुर्चीत बसले. माझंच रक्त माझ्याच गालांवर. सुयांचा रोलर फिरवतात, शेत नांगरल्यासारखा. पोटभर पोहे खाऊन गेले होते, रक्त एका फटक्यात आलं.

समोरच्या आरशात लाल, ओला, बावळट चेहरा. त्याच्याबद्दल मला कणव यायला हवी होती. आली नाही.


९ डिसें., मंगळवार

कॉलेजात सांगितलं, ऊन लागलं. डिसेंबरात. कोणी उलट विचारलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं.

ताईला हसण्याचा माझा हक्क काल संपला. तिने गांधीलमाशी सांगितली, मी ऊन.


२९ डिसें., सोमवार

तिसरी वेळ. मी सकाळी स्टँडवरच तिला गाठलं, डब्यात पराठे. म्हटलं खा. ती डब्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "तीन सोमवार राहिले मावशी, आता मोडलं आणि काही झालं तर आयुष्यभर तेच ऐकेन." पाणी प्यायली. तेवढंच.

रक्त पुन्हा अवघड. गुळगुळीतांनी टॅबवर तुलना दाखवली. नोव्हेंबरचं डोकं, आजचं डोकं. "बघा, थर्टी पर्सेंट तरी." मला खरंच फरक दिसला, हे कबूल. अ.ने चष्मा लावला, दोन्ही फोटो मोठे केले.

"सर, यात भांग डावीकडे पाडलाय. आधीच्यात मधोमध होता."

ते म्हणाले, "तुम्ही टीचर ना? म्हणूनच." आणि टॅब बंद.

तरी तिने नेटाने विचारलं, "माझे केस का गेले सर?"

"हेरिडिटरी. फॅमिलीत असतं."

फॅमिलीत तिच्या आईचे केस अजून कमरेला लागतात. माझेही बरे आहेत. या माणसाने कधी विचारलंच नाही.

रात्री तिला इथेच ठेवून घेतलं. उद्या आमच्या डॉक्टरबाईंकडे नेते.


३० डिसें., मंगळवार

डॉक्टरबाई आता सत्तरीला आल्या. खोलीत एक टेबल, एक पडदा, भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी अ.चं डोकं बघितलंच नाही आधी. खालची पापणी खाली ओढली, नखं बघितली, जीभ बघितली.

"उपास किती करतेस?"

"सोमवार. गुरुवार. चतुर्थी, एकादशी."

"कधीपासून?"

"बी.एड. झाल्यावर. पाहुणे यायला लागले तेव्हापासून."

"आणि केस?"

अ. उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली. मला तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं. "त्यानंतर वर्षभराने," ती सावकाश म्हणाली.

बाईंनी रक्त तपासायला पाठवलं.


३१ डिसें., बुधवार

हिमोग्लोबिन आठच्याही खाली. लोह तर विचारूच नका.

तीनदा या मुलीचं रक्त काढलं. यंत्रात फिरवलं, पिवळं पाणी वेगळं केलं, परत तिच्याच डोक्यात टोचलं. त्या रक्तात काय आहे आणि काय नाही, हे एकदाही कोणी पाहिलं नाही. ज्याचं अर्धं आयुष्य केसांवर चाललंय त्याने नाही, तिला जन्म दिला तिने नाही. शेजारच्या खुर्चीत बसून मनात शेरे मारणाऱ्या लेखिकेनेही नाही.

डॉक्टरबाई सरळ बोलल्या. सगळं उपासानेच गेलं असं म्हणत नाही, पण आधी हे भरून काढायचं. गोळ्या, जेवण, रोज. केस दिसायला सहा-आठ महिने. सगळे परत येतीलच असं नाही. "हळदीपर्यंत काहीही दिसणार नाही. हे हवं तर लिहून देते."

बाहेर आल्यावर अ. हसली. बऱ्याच दिवसांनी. "मावशी, पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की होणार नाही."


४ जानेवारी, रविवार. अकोला.

ताईसमोर रिपोर्ट ठेवला. भाऊजी चष्मा शोधायच्या निमित्ताने दुकानात गेले ते आलेच नाहीत.

ताईने कागद उलटा-सुलटा केला. "म्हंजे देवानं नेले केस?"

"देवाने नाही," मी म्हटलं. "उपाशी ठेवल्याने."

"आमी नाई केले का उपास? माह्ये गेले काय?" वेणी पुढे ओढून दाखवली तिने. जाडजूड, काळी. नेमकी आजच का तेल लावून घातली होती कोण जाणे.

"तू शेतात राबून उपास सोडताना दोन भाकरी खायचीस ताई. दुसऱ्या दिवशी चार. ही बसने तासभर शाळेत जाते आणि डब्यातली पोळी पोरांना वाटते."

"तुहं ऐकून सोमवार मोडला अन् उद्या तिकडून नकार आला म्हंजे? तू येशील भरून द्याले?"

अ.ने रिपोर्ट तिच्या हातातून काढून घेतला. "आई, तू मला भूक लागली का असं शेवटचं कधी विचारलं?"

ताई उठून ओट्याकडे गेली. पाठमोरी उभी राहिली, नळ सोडून. भांडं एकच होतं.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी निघाले तर दारात आली नाही.


१३ जाने., मंगळवार

अ.चा मेसेज: काल सोमवार, पण जेवले. वरणभात, वांग्याची भाजी. आई समोर बसून होती. वाढलं नाही तिने, पण ताटही ओढलं नाही.

मी शब्दांवर जगते म्हणतात. उत्तरात फक्त 'बरं' लिहिलं.


२६ जाने., सोमवार

चौथी वेळ. गेलो नाही. ताईला वाटतंय दवाखान्यात आहोत. प्रशांतच्या कृषी केंद्राला आज सुट्टी. तिने त्यालाच कौंडण्यपूरला बोलावलं आणि मला म्हणाली, तू चल, फक्त लांब बस.

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. तिने स्वतः पत्र धाडून नवरा निवडला, याचं कौतुक आमच्याकडे शाळेपासून शिकवतात. मग घरी येऊन मुलीचा फोन तपासतात.

मी घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर. ते दोघं खाली पाण्याजवळ. मुलगा सावळा, पोट थोडं सुटलेला, हात कुठे ठेवावे कळत नसलेला. ती बराच वेळ बोलत होती. मग तिने ओढणी मागे टाकली, एक एक करत चार क्लिपा काढल्या, टॉपर काढून मांडीवर ठेवला आणि मान खाली वाकवली. पूर्ण. नमस्काराला वाकावं तशी, पण नमस्कार नव्हता तो.

तो बघत राहिला. हात उचलला, तिच्या डोक्याजवळ नेला, पुन्हा गुडघ्यावर ठेवला. मला इथून एक शब्द ऐकू आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की लिहिण्याबिहिण्याच्या ऐवजी कान तीक्ष्ण असते तर बरं.

परतीच्या गाडीत विचारलं, काय म्हणाला?

"म्हणे, दुखते का?"

"आणि?"

"आणि विचारलं, आईले सांगू का नको."

'दुखते का'पर्यंत मला तो आवडायला लागला होता.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तू ठरव. तेल घालायला तुझ्याच घरच्या बायका येणार आहेत."

टॉपर तिने पर्समध्ये कोंबला होता. चेनमधून केस बाहेर लोंबत होते, अकोल्याच्या बसमध्ये चढेपर्यंत.


२८ जाने., बुधवार

दवाखान्यातून फोन. "मॅडम, पेशंटचं चौथं सेशन राहिलंय. आता थांबलात तर आधीचं सगळं वाया जाईल."

"आधीचं काय होतं?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. "मॅडम, मला नाही माहीत. इथं जे लिहून दिलंय ते वाचून दाखवते मी."

तिच्यावर रागवायचं होतं. 'जेवलीस का' विचारून फोन ठेवला. मूर्खासारखं.


३० जाने., शुक्रवार

दुपारी अनोळखी नंबर.

"नंदाबाई ना? मी प्रशांतची माय बोलतो, तिवशावरून."

उभी होते ती बसले.

"तुमीच नेलं होतं ना पोरीले कौंडण्यपूरले?"

"हो."

"बरं. रविवारी आना तिले इकडं. फक्त घरचेच राहू. हळदीच्या आधी मले तिचं डोस्कं पाह्यचं हाये."

"कशासाठी?"

"पाह्यल्यावर सांगतो."

"तिच्या आईला कळवू का?"

"थे तुमचं तुमी पाहा." आणि फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. माया होती असंही छातीठोक सांगता येत नाही. बाजारात भाजी निवडताना बायका बोलतात तसा आवाज.

अ.ला कळवलं. तिचं उत्तर: जाऊ. टॉपर घालणार नाही.

मी म्हटलं, विचार कर. ती म्हणाली, "केला. चार वर्षं तेवढंच केलं."

गहू-तांदूळ निवडावे तसं कोणाचंही डोकं बघायला मागणाऱ्या बाईबद्दल मला जे वाटतंय ते लिहायला घेतलं आणि खोडलं. मीही नोव्हेंबरपासून तेच तर बघत आले.


१ फेब्रुवारी, रविवार

पहाटेच्या गाडीने अ. येणार होती. दार उघडलं तर मागे ताई. हातात पिशवी, डोळे सुजलेले. महिन्याभरात माझ्याशी पहिलं वाक्य: "पानी दे."

प्यायली. म्हणाली, "माह्या पोरीचं डोस्कं कोनी पाहीन त मी तिथं पायजे."

"तुला कोणी सांगितलं?"

"हिनंच. काल. जेवता जेवता."

अ.ने माझ्याकडे पाहून खांदे उडवले.

"अन् त्यांनी काई वाकडं बोललं," ताई म्हणाली, "त मलेबी तोंड हाये." मग थोड्या वेळाने, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "नाई बोलले तरी हायेच म्हना."

मग पोरीला खाली बसवलं आणि कंगवा घेतला. भांग मधोमध पाडला. चार केस इकडचे तिकडे करून झाकायची तिची जुनी सवय, बोटं दोनदा तिकडे गेली, परत आली. सरळ रेघ पाडली.

हे बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय. दोघी माझ्या पुढच्या सीटवर. मोझरी गेलं, आता तिवसाच. खिडकीतून ऊन थेट अ.च्या भांगावर पडलंय. आख्ख्या बसला दिसेल असं. ताई ओढणी वर सरकवायला हात उचलते आणि अर्ध्यातच खाली घेते. दोनदा झालं.

आता तिसऱ्यांदा उचललाय.